जाळी सैल नव्हती

मी ट्रॅम्पोलिन बोलतोय. चौदा फुटी, गोल, काळ्या कापडाचा, शहाण्णव स्प्रिंगांचा. आयोवातल्या एका लहान गावात, रिट्वेल्डांच्या परसात, सात वर्षं उभा आहे. लोक माझ्यावर उड्या मारतात, मी त्यांना वर फेकतो, ते खाली येतात, मी पुन्हा फेकतो. काम एवढंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखी कामं मोठी माणसं करतात आणि नाव माझं सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. जे घडलं ते पाहणारा तिथे मी एकटाच होतो, आणि मला तोंड नाही. तेव्हा नाही बोलता आलं, म्हणून आता बोलतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मतःच माझ्या अंगावर नऊ इशारे शिवले गेले. एका वेळी एकानेच उडी मारावी. कोलांटी मारू नये. बूट काढून चढावं. भोवतीच्या जाळीशिवाय वापरू नये. असे नऊ. माणसाच्या पोराला जन्मल्याबरोबर अंगावर नऊ इशारे शिवले असते तर त्यालाही माझ्यासारखं वाटलं असतं, की आपण मुळातच काहीतरी गुन्हा करून आलोय.

तीन खोक्यांत भरून मी इथे आलो. कर्बी रिट्वेल्ड लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले दोन दिवस घरी असतो. त्यातल्या एका दिवशी त्याने मला जोडलं. पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. जोडून झाल्यावर दोन स्प्रिंगा उरल्या, त्या त्याने खिशात टाकल्या आणि म्हणाला, कंपनी जास्तीच्या देते.

कंपनी जास्तीचं काही देत नाही. दुसऱ्या दिवशी कर्बी ट्रक घेऊन गेला आणि त्याच्या बायकोने, जोलीनने, त्याच्या पँटच्या खिशातून स्प्रिंगा काढल्या, पुस्तिका उघडली आणि मला पहिल्यापासून पुन्हा जोडलं. जोलीन शाळेची बस चालवते. साठ पोरं रोज जिवंत घरी पोचवणारी बाई आहे ती. उरलेल्या स्प्रिंगा तिला चालत नाहीत.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी या रस्त्यावर कुणीच करत नाही. तिने विम्याच्या एजंटला फोन केला आणि सांगितलं, आम्ही ट्रॅम्पोलिन घेतलाय.

एजंट डेनी तिच्याच वर्गातला. त्याच संध्याकाळी आला, माझ्याभोवती फेरी मारली आणि मर्तिकाला आल्यासारखा चेहरा करून उभा राहिला.

“अगं, मला विचारून तरी घ्यायचास,” तो म्हणाला. “निम्म्या कंपन्या याचं नाव काढलं की पॉलिसी बंद करतात. आपली चालवून घेते, पण अटी आहेत.”

मग त्याने समजावून सांगितलं, आणि तेव्हाच मला कळलं की माणसांच्या जगात मी कोण आहे. घरातल्या पोराने हात मोडून घेतला तर तो त्याच्या वैद्यकीय विम्याचा प्रश्न. पण बाहेरचं कुणी तुझ्या आवारात येऊन पडलं, तर जबाबदार तू. बोलावलेलं असो की नसो. कायदा म्हणतो, पोरं असलं काही दिसलं की ओढली जाणारच, तेव्हा त्यांना अडवायचं काम मालकाचं. ती जबाबदारी घराचा विमा उचलेल, पण जाळी धड पाहिजे, स्प्रिंगांवरच्या गाद्या धड पाहिजेत, फाटकाला कडी पाहिजे. एक जरी ढिलं निघालं तर कंपनी हात वर करणार. मग डॉक्टरचं बिल, वकील, सगळं तुझ्या डोक्यावर. म्हणजे या घरावर.

“आणि एखादं म्हातारं पडलं तर?” जोलीनने विचारलं.

“म्हातारे कुठे उड्या मारतात,” डेनी म्हणाला.

तेव्हापासून दर एप्रिलात, बर्फ गेलं की, जोलीन माझी तपासणी करते. जाळीचा एकेक पट्टा अंगठ्याने ओढून बघते. गाद्या उलथून बघते. मग तिची मुलगी ब्रिन आणि धाकटा टेट पुठ्ठ्यावर त्या वर्षाचा आकडा लिहून माझ्यासमोर उभे राहतात, ती फोटो काढते आणि डेनीला पाठवते. लोक पोरांचे वाढदिवसाचे फोटो काढतात. या घरात माझ्या पट्ट्यांचे आहेत.

आता कुंपणापलीकडचे गृहस्थ. वर्लिन ऊस्त्रा, वय एकाहत्तर. सगळं गाव त्यांना ‘पंच’ म्हणतं, कारण बावीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांचे बास्केटबॉलचे सामने शिट्टी वाजवून चालवले. बावीस वर्षांत दिलेला निर्णय एकदाही फिरवला नाही, हे ते कुणी न विचारता सांगतात. मला वाटतं, बावीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस एक तर देवदूत असतो किंवा ऐकून घेत नाही. पंचांच्या पाठीला पंख नाहीत, मी नीट पाहिलंय.

जोलीन त्यांना चांगली ओळखते. सत्त्याण्णव साली जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यात, चार मिनिटं उरलेली असताना, याच पंचांनी तिचा पाचवा फाउल दिला होता. पाच झाले की खेळाडू बाहेर. गाव दोन गुणांनी हरलं. तिचा हात लागलाच नव्हता असं ती अजून म्हणते. पंच म्हणतात, लागला होता. वीस-बावीस वर्षं दोघं शेजारी राहतात, एकमेकांच्या दारातलं बर्फ उपसतात, आणि या एका गोष्टीवर दोघांपैकी कुणी तसूभर हलत नाही.

मी आल्या दिवसापासून पंचांनी माझ्याविरुद्ध निकाल दिला होता. कुंपणावर कोपरं टेकून ते जोलीनला ऐकवायचे: कुणाची तरी मान मोडणार आहे, लिहून ठेव. आमच्या वेळी असली थेरं नव्हती. आजकालच्या पोरांना घाम गाळायला नको, नुसतं उडायला पाहिजे. हे सगळं ब्रिन आणि टेटच्या समोर. आणि पोरं बसमधून शाळेत गेली की स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा मग घेऊन उभे राहायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. सहा वर्षं. एवढं कुणी टीव्हीकडेही बघत नाही.

ऑगस्टात आमच्या रस्त्यावर मक्याचं जेवण असतं. शेतातून ट्रकभर गोड कणसं येतात, मोठ्या पातेल्यांत उकडतात, लोण्यात बुडवतात, आणि प्रत्येक घरून काहीतरी भांड्यात भरून येतं. टेबलं रस्त्यावर मांडलेली. परसात कुणी नाही. जोलीनने जेवणाआधीच पोरांना सांगून ठेवलेलं, आज पाहुणे खूप, ट्रॅम्पोलिन बंद. फाटकाला कडी.

संध्याकाळी, सूर्य अजून वर होता, फाटकाची कडी वाजली.

पंच होते. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग शिडीपाशी आले आणि तिथे लावलेली पाटी वाचली, सगळी, नववा इशारा येईपर्यंत. मग खाली बसून बूट काढले. मोजे काढले, घडी घातली, बुटांत ठेवले. दोन्ही बूट शिडीच्या डाव्या बाजूला, माझ्या खाली, एकमेकांना लावून, टाचा एका रेषेत. आणि वर चढून जाळीची चेन आतून लावून घेतली.

सात वर्षांत माझ्यावर शेकडो पोरं नाचली असतील. नियम इतके नीट पाळणारा हा पहिला.

पहिली उडी म्हणजे नुसते गुडघे वाकवणं. दुसरीला पाय सुटले. तिसरीला मी त्यांना असं वर फेकलं की कुंपणापलीकडचं त्यांचं स्वतःचं छप्पर त्यांना वरून दिसलं असेल. तेव्हा ते हसले. मी त्यांचं हसणं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शिंक आल्यासारखं होतं ते, पण खरं होतं. चौथीला ते त्याच आनंदात एका पायावर उतरले, घोटा आत वळला, आणि काडकन आवाज आला.

मी काय करणार होतो? मऊ राहिलो.

सरपटत, जाळीची चेन उघडून, बसत बसत ते शिडीवरून खाली उतरले आणि खांबाला टेकून गवतावर बसले. हाक मारली नाही. पंधरा मिनिटांनी टेट चेंडू शोधत आला आणि त्याने आईला बोलावलं. जोलीन धावत आली, मागून आणखी चौघं. काय झालं म्हणून विचारल्यावर या माणसाने, बावीस वर्षं दुसऱ्यांचे फाउल मोजणाऱ्या माणसाने, सांगितलं:

“जाळी सैल दिसली. म्हटलं, घट्ट करावी. शिडीवरून पाय सटकला.”

आणि वर हेही सांगितलं की विशेष काही नाही, सगळ्यांनी जाऊन जेवावं, कणसं गार होतील. घोटा नारळाएवढा सुजलेला. आमच्याकडची मोठी माणसं अशीच आहेत. पाय तुटला तरी चालेल, पण दुसऱ्याच्या जेवणात व्यत्यय नको. आणि खोटं बोललं तरी चालेल, पण हसं होता कामा नये.

पाय अनवाणी होते, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बूट कुणीतरी काढले असतील, असं प्रत्येकाला वाटलं. त्यांना उचलून गाडीत घातलं आणि नेलं.

दवाखान्यातून त्यांची मुलगी कॅरिन त्यांना डेमॉइन शहरातल्या आपल्या घरी घेऊन गेली. कॅरिन वाईट नाही. बापाच्या काळजीने तिने दवाखान्याचा कागद भरला. त्यात एक रकाना होता, इजा कुठे व कशी झाली. तिने बापाला विचारलं आणि बाप जे म्हणाला ते लिहिलं: शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनची जाळी सैल होती, ती ओढताना.

एक ओळ. पण विम्याच्या दुनियेत कागद कागदाला शोधत जातो. पंचांच्या वैद्यकीय विम्याने जोलीनच्या घराच्या विम्याला विचारलं, अपघात तुमच्या आवारातला, तर खर्च तुमचा ना? आणि जोलीनच्या कंपनीने जोलीनला पत्र पाठवलं. जाळीची देखभाल झाली नव्हती असं समजतं. तपासणी होईल. तसं आढळल्यास भरपाईची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही आणि पॉलिसीचा फेरविचार केला जाईल.

ते पत्र तिने माझ्या काठावर बसून वाचलं. दोनदा. मग उठली आणि जाळीचा एकेक पट्टा अंगठ्याने ओढून बघितला. सगळे घट्ट. एप्रिलात होते तितकेच घट्ट. पण ती स्वतःवरच संशय घेत होती, हे तिच्या अंगठ्यावरून कळत होतं. त्या दिवशी मला पंचांचा जेवढा राग आला तेवढा गारपिटीचाही कधी आला नव्हता. सहा वर्षं शिस्तीवर भाषणं तुम्ही दिलीत. घर जायची भीती हिने सोसायची.

डेनी आला. पॉलिसी बंद झाली तर दुसरी कंपनी सहज घेणार नाही, आणि विमा नाही म्हटल्यावर घरावर कर्ज देणारी बँक गप्प बसणार नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. एप्रिलचा फोटो आहे, तो म्हणाला, पण ते म्हणतील ऑगस्टात काय होतं कुणास ठाऊक.

तेव्हा जोलीन मागच्या ओसरीवर गेली आणि आइस्क्रीमची जुनी प्लॅस्टिकची बादली घेऊन आली. झाकण उघडून दाखवलं. आत पंचांचे बूट. अपघातानंतरच्या शनिवारी माझ्याखालचं गवत कापताना तिला सापडले होते. जसे ठेवले तसे. टाचा एका रेषेत, मोजे घडी करून आत.

डेनीने बूट पाहिले, शिडी पाहिली, पाटी पाहिली. त्याला समजायला वेळ लागला नाही.

“दे इकडे,” तो म्हणाला. “फोटो काढतो, फाइलला लावतो, विषय संपला. शिडीवर उभं राहून पट्टा ओढायला कुणी मोजे काढतं का?”

“बूट त्यांचे आहेत,” जोलीन म्हणाली. “आधी त्यांना परत जातील.”

“आणि परत घेऊन ते गप्प बसले तर?”

ती पायरीवर बसून बोथट सुरीने बुटांच्या तळव्यांचा चिखल खरवडत राहिली. डेनी वैतागून म्हणाला की तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असली तर एजंटने चर्चमध्ये जाऊन बसावं. ती म्हणाली, बसतोसच की, मागच्या बाकावर, आणि पेंगतोस.

मला तेव्हा ती मूर्ख वाटली. हातात हुकमाचं पान आणि ही ते पुसून परत करायला निघालेली. खरं सांगतो, मी तिच्या जागी असतो तर बूट गावच्या पाण्याच्या टाकीवर टांगले असते.

तीन आठवड्यांनी कंपनीची तपासनीस आली. रोंडा नावाची, उंच, मोजायची फीत आणि कागद अडकवायचा पुठ्ठा घेऊन. कॅरिन बापाला घेऊन आली. पंच कुबड्यांवर. चौघं माझ्याभोवती. रोंडाने विचारलं, कुठला पट्टा सैल होता. पंचांनी कुबडी उचलून साधारण उत्तरेकडे दाखवली. तिने तिकडचे ओढले. मग सगळे ओढले.

“आता तर घट्ट आहेत,” ती म्हणाली.

“नंतर केले असतील,” कॅरिन म्हणाली. भांडायला नाही, नुसतं जे डोक्यात आलं ते. “बाबा खोटं सांगणार नाहीत. बावीस वर्षं शिट्टी वाजवली आहे त्यांनी.”

पंच माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे.

तेव्हा जोलीन आत गेली. येताना एका हातात बदामाचं सारण भरून वळलेल्या पेस्ट्र्यांची ताटली होती, ती तिने कॅरिनला दिली. दुसऱ्या हातात आइस्क्रीमची बादली, ती पंचांपुढे धरली.

“हे तुमचे. द्यायला उशीर झाला, तुम्ही गावात नव्हतात.”

एवढंच. आवाजात टोमणा नाही. पंचांनी झाकण उघडलं. बूट पुसून लख्ख केलेले. मोजे धुतलेले, आणि त्यांनी घातली होती तशीच घडी घातलेली.

रोंडाने पेन थांबवलं. हे कुठे सापडले, तिने विचारलं. जोलीनने पंचांकडे पाहिलं.

“ते पंच सांगतील.”

मका वाळत आला होता, रस्त्यापलीकडच्या शेतातून त्याची सळसळ येत होती. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल की बूट माझे नाहीत. बावीस वर्षांची सवय होती.

“शिडीच्या डाव्या बाजूला,” पंच म्हणाले. “मीच ठेवले. पाटीवर लिहिलंय, बूट काढा.”

“पण बाबा, जाळी घट्ट करायला बूट कशाला काढायचे?”

“जाळी सैल नव्हती.” त्यांनी बादलीचं झाकण पुन्हा लावलं. “मी उड्या मारत होतो.”

कॅरिनच्या तोंडात पेस्ट्री होती, ती तशीच राहिली. रोंडा लिहीत होती. तिने मान वर न करता विचारलं, “किती?”

“चार,” पंच म्हणाले. आणि थोडं थांबून, “तिसरी चांगली होती.”

पहिली हसली ती रोंडा. तपासनिसाने हसायचं नसतं, म्हणून तिने खोकल्यासारखं केलं. मग कॅरिन, पेस्ट्रीचा चुरा सांडत. पंचांची मान लाल झाली, कान लाल झाले, पण ते जागेवरून हलले नाहीत. “माझा निर्णय चुकला,” ते जोलीनला म्हणाले. “हा फाउल माझा.”

“आणि सत्त्याण्णवचा?”

“तो तुझाच होता.”

मग मात्र जोलीनही हसली, इतकी की तिला माझ्या काठावर बसावं लागलं.

पुढचं सगळं कागदावर झालं. रोंडाने लिहिलं की जाळी धड होती, अटी पाळलेल्या होत्या. आलेला पाहुणा स्वतःच्या चुकीने पडला तरी त्याच्या औषधपाण्यापुरती थोडी रक्कम पॉलिसीत असते, तिच्यातून घोट्याचं बिल गेलं. बाकी काही मागायचं नाही असं पंचांनी सही करून दिलं, प्रत्येक पान वाचून. पॉलिसी चालू राहिली. नवी अट एकच: वापर नसेल तेव्हा शिडी काढून कुलपात ठेवावी.

ती शिडी आता पंचांच्या गॅरेजमध्ये असते. त्यांनीच मागून घेतली. शाळा सुटली की ती खांद्यावर टाकून कुंपणाच्या फाटकातून येतात, लावतात, खुर्ची टाकून बसतात आणि गळ्यात शिट्टी. एका वेळी एक. दोघं चढले की शिट्टी. कोलांटी, शिट्टी. टेट म्हणतो, ट्रॅम्पोलिनची शाळा झाली. ब्रिन त्यांना तोंडावर सांगते की तुम्ही बोलू नका, तुमचा घोटा आम्ही पाहिलाय. ते ऐकून घेतात. हे ऐकून घेणं नवीन आहे.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. वीसेक स्प्रिंगांना गंज आलाय, जोलीनने नव्या मागवल्यात. मोठ्यांना एकच सांगतो. माझ्यासारखा परसात आणणार असाल तर आधी एजंटला सांगा, मग पट्टे ओढून बघा. आणि उडी मारावीशी वाटली तर पोरांसारखी मारा, चारचौघांत. मी कुणाचं वय विचारत नाही. तोंड वाकडं करून शिस्त शिकवायची आणि लपून उडायचं, आणि पडल्यावर जाळीचं नाव घ्यायचं, हे मला चालत नाही.

काल एप्रिलचा फोटो होता. पट्टे ओढून झाले, ब्रिनने आकडा लिहिला, डेनीही यंदा मुद्दाम बघायला आला. फोटो निघाल्यावर पंचांनी गळ्यातली शिट्टी काढून जोलीनच्या हातात दिली. मग वाकून बूट काढले, मोज्यांची घडी घातली, आणि या वेळी माझ्या खाली नाही, सगळ्यांना दिसतील असे वाटेच्या मधोमध ठेवले. टाचा एका रेषेत.

जोलीन मोठ्याने मोजत होती. एक. दोन. तीनला ते पुन्हा शिंकल्यासारखे हसले. चारला दोन्ही पायांवर नीट उतरले, आणि मी जपून, पण मन लावून, त्यांना पाचव्यांदा वर फेकलं.

जोलीनने शिट्टी फुंकली आणि फाटकाकडे बोट केलं.

“पाच झाले, पंच. बाहेर.”